पंख्यानं पांढरी सहा धरली होती

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : मी मिरजेत राहतो. घरात तंबोरे-सतारीचं काम चालतं. अब्बांची बैठक आणि माझा गेमिंगचा कॉम्प्युटर एकाच खोलीत आहे, दुसरी जागा नाही. ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं काढणारा भाग) आरटीएक्स ३०६० आहे, दोन पंख्यांचं. गेम सुरू झाला की पाच मिनिटांत इतका आवाज होतो की अब्बांना जवारी (घोडी घासून तारेला गुंजता सूर आणणं) काढता येत नाही. हेडफोनमुळे मला काही वाटत नाही, पण त्यांचं काम थांबतं. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, कार्ड गेलं, नवीन घ्या. व्हिडिओत सांगतात की कार्ड खोलून चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदला. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी गप्प बसू शकले नाही. सांगलीहून मिरज काही लांब नाही, म्हणून रविवारी स्वतः येऊन गेले. इथे जे लिहिते ते आपण दोघांनी मिळून केलेलंच आहे, पण बाकीच्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं कार्ड गेलेलं नाही. आवाज पंख्यातून येतो, म्हणून सगळे पंख्याच्या मागे लागतात. पण पंखा उगाच पळत नाही. कार्ड जितके वॅट खातं तितकी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ती टाकायला पंखा पळतो. या कार्डाची मर्यादा १७० वॅटची आहे. म्हणजे गेम चालू असताना तुमच्या खोलीत शंभराचे जवळपास दोन पिवळे बल्ब एका डब्यात कोंडून ठेवल्यासारखं असतं. ते वॅट कमी केले की पंखा आपोआप शांत होतो.

तरीही पहिलं काम ऐकण्याचं. मी पुठ्ठ्याची नळी नेली होती, कापडाच्या ताग्यात असते तशी. एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्यासमोर. घरघर आहे का, वारा कापल्याचा आवाज आहे, की बारीक शिट्टी आहे, हे नळीनं लगेच कळतं. घरघर म्हणजे बेअरिंग झिजलं, तो पंखा बदलायचा. तुमच्याकडे घरघर नव्हती. दोन्ही पंखे निव्वळ वारा कापत होते, एक मिनिटाला १,९५० फेऱ्यांनी आणि दुसरा १,९२० नी.

अब्बा म्हणाले, “ताई, आवाज मोठा आहे त्याचं एवढं नाही ओ. पण तो हेलकावे खातोय. दोन तारा जुळत आल्या की खातात तसे.” मला तिथे अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत कुणी गिऱ्हाइकानं मला हे सांगितलं नव्हतं. आम्ही पाती मोजली, अकरा. पंख्याचा सूर काढायचा म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या गुणिले पाती भागिले साठ. एक पंखा ३५७ हर्ट्झच्या जरा वर गात होता, दुसरा ३५२ वर. फरक साडेपाचचा, म्हणजे सेकंदाला पाच-सहा हेलकावे. अब्बांचा कान ते बरोबर पकडत होता. आयुष्यभर ज्यानं हेलकावे मिटवले, त्याच्या शेजारीच हे यंत्र ते तयार करत बसलं होतं.

आता कामाला लागू. कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या जाळीत लाकडाचा बारीक भुसा, आणि त्यावर चपड्याच्या पॉलिशची वाफ बसून तो चिकटलेला. ही धूळ फुंकून जात नाही. सांगली-मिरजेकडे एरवीही धूळ कमी नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की गच्चीवर कारखान्याची काजळी पडते आणि तीच या जाळीत जाऊन बसते. रंग द्यायचा मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. मोकळी सोडली तर वाऱ्यानं ती मूळ वेगाच्या कितीतरी पुढे फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. कॉम्प्युटर बंद आणि प्लग काढलेला हवा, हे सांगायला नकोच. तुमच्या घरी हे दर दोन महिन्यांनी करावं लागेल. तंबोऱ्याचा भोपळा घासायचा असेल त्या दिवशी कॅबिनेटवर जुनी चादर टाका आणि कॉम्प्युटर बंद ठेवा.

पेस्टचं म्हणाल तर हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. पाच-सहा वर्षं झालेलं, साफ करूनही तापणारं कार्ड असेल तरच खोलावं. कार्डाच्या मेमरीवर मऊ पॅड असतात, आणि त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरनं चुकली तरी बिघडतं. सुरुवातीच्या काळात माझ्याच हातून एकदा एकऐवजी दीड मिलिमीटरचे पॅड गेले. वरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) अधांतरी राहिला, मुख्य चिपला नीट टेकेना, आणि कार्ड चालू केल्याबरोबर तापमान धावत वर गेलं. वेळेत बंद केलं म्हणून वाचलं. ते कार्ड एका विद्यार्थ्याचं होतं, ती रात्र मला अजून आठवते. त्यानंतर जाडी मोजल्याशिवाय मी पॅड उचलत नाही.

नंतर कॅबिनेट. पुढे पूर्ण काच आहे आणि काचेमागे दोन पंखे आहेत. काच आणि पंखा यांच्यात जेमतेम बोटभर फट. दिसायला छान, पण हवा येणार कुठून? काच काढून ठेवली तर कार्डाचं तापमान दहा मिनिटांत सात अंशांनी उतरलं. आता तिथे बारीक जाळी बसवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि खोली जेवढी तापते तेवढंच कार्डही वर सरकतं, त्यामुळे हवेची वाट मोकळी नसेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

आता वॅट. हा भाग मी जास्त सांगणार आहे, कारण निम्म्याहून अधिक फरक इथेच पडला.

कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक कार्डाला जरा जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं. हजारो चिपांतली सगळ्यात कमजोर चिपसुद्धा चालली पाहिजे, म्हणून. तुमची चिप बहुधा तितकी कमजोर नाही. आणि चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरवलं तरी उष्णता बरीच उतरते. तुमचं कार्ड मूळ स्थितीत १.०५ व्होल्टवर १,९०० मेगाहर्ट्झच्या आसपास पळत होतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडून कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख येतो. आधी कोअर क्लॉकची (चिपच्या वेगाची) पट्टी उणे दोनशेवर नेऊन सगळा आलेख खाली घेतला, मग ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १,८०० वर ठेवला आणि बरोबरच्या खुणेवर दाबलं. त्यापुढचा आलेख सपाट झाला. म्हणजे कार्ड यापुढे त्याहून जास्त व्होल्टेज मागणारच नाही.

त्यानंतर तुमचाच गेम दोन तास चालवला. १७० वॅट खाणारं कार्ड १३० च्या आसपास आलं. गेममध्ये फरक तुम्हालाही दिसला नाही, तुम्ही तसं म्हणालात. कुणाचा गेम मध्येच बंद पडला तर घाबरू नका, कार्डाला इजा होत नाही. पंचवीस मिलिव्होल्ट वाढवा आणि पुन्हा पाहा. प्रत्येक चिप वेगळी, माझे आकडे जसेच्या तसे उतरवू नका. पक्कं झाल्यावरच विंडोजबरोबर आपोआप सुरू होण्याचं बटण दाबा.

दुसरी गोष्ट, तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे आणि कार्ड सेकंदाला १४० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढत होतं. त्यातल्या जवळपास निम्म्या मॉनिटर धड दाखवूच शकत नाही. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ७२ केला, आणि हलक्या गेममध्ये तर वॅट आणखी खाली गेले.

मग पंख्याचा आलेख. कार्ड पन्नास अंशांपर्यंत असेल तर वेग तीस टक्के, पासष्टला पंचेचाळीस, पंचाहत्तरला साठ, आणि पंच्याऐंशीला पूर्ण. या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंशांची आहे, त्यामुळे सत्तरीच्या आतबाहेर आकडा दिसला म्हणून जीव घाबरा करू नका. हिस्टेरेसिसची (तापमान किती उतरल्यावर पंख्यानं वेग कमी करायचा, त्याची) जागा असते तिथे चार अंश भरा. नाहीतर पंखा दर मिनिटाला वर-खाली करतो, आणि एकसारख्या आवाजापेक्षा हा चढउतार कानाला जास्त टोचतो. दोन्ही पंख्यांना एकच आलेख देऊन वेग जुळवून घेतले, हेलकावे जवळजवळ गेले.

फेऱ्या १,९५० वरून १,२०० वर आल्या. पंख्याचा आवाज वेगाच्या पाचव्या घाताच्या हिशेबानं पडतो, त्यामुळे एवढ्या उतारानं दहा डेसिबलचा फरक पडतो, आणि कानाला तो आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. मी खूश होऊन अब्बांकडे पाहिलं. त्यांनी कानस खाली ठेवली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, “कमी झाला. पण आता आमच्याच सुरावर बसला.” हिशेब केला. बाराशे गुणिले अकरा भागिले साठ, बरोबर २२० हर्ट्झ. म्हणजे पांढरी सहा, पेटीची सहावी पांढरी पट्टी. त्यांच्या मांडीवर बाईमाणसाच्या आवाजाचा तंबोरा होता, तोही पांढरी सहाचाच. घोडीवर सूत सरकवताना त्यांना तार ऐकू येत होती की पंखा, हे त्यांनाच कळेना.

म्हणून आलेख अजून उतरवून पंखा ११०० वर आणला. तापमान दोनच अंशांनी चढून अडुसष्टवर थांबलं, आणि सूर २०२ हर्ट्झच्या खाली गेला. अब्बांनी तार छेडली आणि काही न बोलता कानस उचलली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा कानांच्या जिवावर. त्या कानाला त्रास होणार नाही एवढी काळजी यंत्रानं घ्यायलाच हवी.

एक राहिलंच. कॅबिनेट पोकळ खणांच्या टेबलावर होतं आणि टेबल घुमत होतं. हात ठेवला तर थरथर कळायची. अब्बा म्हणाले, “हा तर भोपळाच झाला.” त्यांनीच नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) चार तुकडे कापून पायांखाली सरकवले. खर्च शून्य. ज्यांच्याकडे नमदा नाही त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुहेरी घडी करून ठेवावेत.

प्रश्न : माझं कार्ड नवीन आहे, पंखे बंद असतानाही बारीक किर्र्र असा आवाज येतो. गेमच्या मेन्यूत सगळ्यात जास्त. बदलून मागू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हा पंखा नाही, कार्डावरच्या कॉइलचा आवाज आहे. वीज झरझर कमी-जास्त होताना तारेची वेटोळी थरथरतात. मेन्यूत चित्र सोपं असतं, कार्ड सेकंदाला हजारभर फ्रेम काढतं, म्हणून तिथे किर्र वाढते. वर लिहिल्याप्रमाणे फ्रेम रेटला मर्यादा घाला आणि व्होल्टेज उतरवा, बहुतेकदा आवाज सहन होण्याइतका खाली येतो. यानं कार्ड बिघडत नाही. एवढं करूनही बंद दारातून ऐकू येत असेल तर मात्र बदलून मागा, आणि मागताना फोनवर आवाज रेकॉर्ड करून न्या, कारण दुकानाच्या गोंगाटात तो कुणालाच ऐकू येणार नाही.

प्रश्न : पाण्याचं कूलिंग बसवलं तर आवाज पूर्ण जाईल का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नाही. पाणी उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथून ती हवेत टाकायला पंखे लागतातच, आणि त्यात पंपाच्या आवाजाची भर पडते. ते पैसे आधी पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटवर खर्च करा.