पाहुणी मुलं आणायची तर आधी घरं बघा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की जर्मनीतल्या एका रोटरी क्लबने चार मुलं तीन आठवड्यांसाठी पाठवायची तयारी दाखवली आहे. ती जुलैत तुमच्याकडे गोव्यात डिचोलीला येणार, तुमची चार पुढच्या मे महिन्यात तिकडे जाणार. कार्यक्रमांची यादी जवळजवळ तयार आहे, पुढे काय करायचं, असा तुमचा प्रश्न. ती यादी सध्या कपाटात ठेवा. आधी घरं शोधा. मी आधी यजमान आई म्हणून आणि नंतर समुपदेशक म्हणून बरीच वर्षं या कामात आहे. कार्यक्रम फसल्यामुळे कुठलं मूल रडताना मी पाहिलं नाही, घर चुकल्यामुळे मात्र पाहिलंय.

त्याआधी एक गोष्ट. दोन क्लबांनी फोनवर परस्पर ठरवलं, इतक्यावर रोटरीत हे होत नाही. दोन्हीकडच्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे अनेक क्लब मिळून होणाऱ्या रोटरीच्या विभागाच्या) युवा विनिमय समितीमार्फतच जावं लागतं, आणि त्या डिस्ट्रिक्टकडे रोटरी इंटरनॅशनलचं प्रमाणपत्र असावं लागतं. आपलं गोवा डिस्ट्रिक्ट 3170 मध्ये येतं, तेव्हा पहिलं पत्र तिथे धाडा. आणि 1 जुलै विसरू नका. त्या दिवशी अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे बदलतात. शब्द देणारे जुने आणि पाहुण्यांना विमानतळावर घ्यायला जाणारे नवे, अशी स्थिती होते. आमच्याकडे एकदा खर्च मंजूर केल्याचा ठराव नव्या मंडळींनी पाहिलाच नव्हता. म्हणून येणाऱ्या अध्यक्षांना आत्तापासून प्रत्येक बैठकीला बसवा.

आता घरांविषयी. सुरुवातीला आम्हीही मोठी घरं निवडायचो: वेगळी खोली, एसी, दारात दोन गाड्या. एका मुलाला अशाच घरी ठेवलं. माणसं फार चांगली होती, पण दोघंही रात्री नऊला घरी यायची. पोरगा तीन आठवडे स्वयंपाकीणबाईंबरोबर जेवला. जाताना त्याने मिठी मारली ती त्या बाईंना. पुढच्या वर्षी साखळी गावाजवळच्या एका साध्या घरात मुलगी ठेवली. त्या घरच्या आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. चौथ्या दिवशी ती मुलगी आदोळीवर (विळीवर) नारळ खवायला बसली होती आणि आजी तिला कोकणीत ओरडत होती, बोट सांभाळ म्हणून. तेव्हापासून मी घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारते: दुपारी घरी कोण असतं? दुसरा: मुलीच्या खोलीला आतून कडी आहे का?

घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची चौकशी करावी लागते. वरच्या माळ्यावर राहणारा काका धरून प्रत्येकाची. अर्ज, मुलाखत, ओळखीच्या माणसांचे दाखले, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. शिवाय घरी भेट द्यायची, मुलं येण्याआधी आणि ती राहत असतानाही, त्यातली एखादी न कळवता. लोकांना राग येतो. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं माझ्या सख्ख्या मैत्रिणीने विचारलं होतं. मी तिला म्हटलं, तुझी पोर तिकडे जाईल तेव्हा त्या घराची अशीच चौकशी झालेली तुला हवी ना? तिने त्याच दिवशी अर्ज भरला.

प्रत्येक मुलाला एक समुपदेशक द्या. तो त्या घरातला किंवा त्यांच्या नात्यातला नको. त्याने मुलाला यजमानांशिवाय, एकट्याला भेटायचं. मुलाने काही गंभीर सांगितलं तर आधी त्याला त्या घरातून हलवा, खरंखोटं नंतर. गुन्ह्याचा संशय असेल तर पोलिसांना लगेच कळवायचं, आणि डिस्ट्रिक्टने 72 तासांच्या आत रोटरी इंटरनॅशनलला. "क्लबचं नाव जाईल" हे वाक्य ज्याच्या तोंडी येईल त्याला समितीत ठेवू नका.

यादीविषयी आता बोलते. मंगेशी, जुनं गोवं, पणजी हे चार दिवसांत उरकतं. दुसऱ्या आठवड्यात मुलं गप्प होतात, रात्रभर घरी फोन करतात, जेवण टाकतात. हे आजारपण नव्हे, आणि त्यावर आणखी एक सहल हा उपाय नव्हे. ते दिवस मोकळे ठेवा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पाव आणायला त्यांना पाठवा, शेतात लावणी चालू असेल तर चिखलात उतरवा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा सण, असतो. तारीख जुळत असेल तर तो चुकवू नका, पोरं वर्षभर तेच फोटो दाखवतात. चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट, दाखवायची हौस मात्र सोडा. 2026 ची चवथ 14 सप्टेंबरला आहे, तोवर तिकडच्या बहुतेक शाळा उघडलेल्या असतात.

तीन बाबतींत कडक राहा. पाहुण्या मुलाने कुठलंही वाहन चालवायचं नाही, वाड्यावरच्या रस्त्यावर स्कूटरसुद्धा नाही. जर्मनीत 16 व्या वर्षी बियर घेता येते, आपल्याकडे वय 21 आहे. हे पहिल्याच संध्याकाळी मुलाला आणि यजमानांनाही सांगा. आणि जुलैचा समुद्र. लाल बावटा असताना गुडघाभर पाण्यातही नाही.

कागदपत्रांत सगळे चुकतात ते परदेशी पाहुण्याच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये. पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणत, 2025 च्या नव्या नियमांपासून तो फॉर्म III आहे. परदेशी पाहुणा घरी उतरल्यापासून 24 तासांच्या आत यजमानाने तो ऑनलाइन भरायचा असतो, हॉटेलवाल्यांसारखाच. चार घरं म्हणजे चार खाती, तीही आठवडाभर आधी उघडून ठेवायची. आमची मुलं एकदा शनिवारी रात्री मोपा विमानतळावर उतरली आणि "सोमवारी बघू" म्हणत आम्ही झोपलो. नंतर खुलासे देत बसावं लागलं. मुलाच्या विम्याची प्रत घरात आणि समुपदेशकाकडे, दोन्हीकडे हवी.

तुमच्या मुलांचं: 2025 पासून आपल्याकडे वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, तेव्हा मेची सुट्टी लागताच निघून शाळा उघडायच्या आत परत, असंच बसवावं लागेल. मेमध्ये जर्मनीत शाळा चालू असतात, म्हणजे तिथल्या जोडीदाराबरोबर वर्गात बसायला मिळेल. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, जानेवारीतच करा. आईवडील दोघांची संमती आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आणि पहिल्याच भेटीत विचारून घ्या की मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे की पोर्तुगीज. आपल्या गोव्यात हा प्रश्न विचारावाच लागतो, पोर्तुगीज असेल तर व्हिसाचं सगळं गणितच बदलतं.

तिकीट, विमा, व्हिसा पालकांचा. राहणं-जेवण यजमानांकडून, त्याचे पैसे घ्यायचे नसतात. तुमच्या यादीतल्या विशीतल्या मुलीला रोटरीच्या या उपक्रमात जागा नाही, त्यासाठी वय 15 ते 19 लागतं. तिला लायन्स क्लबच्या युवा शिबिरांची चौकशी करू दे, तिथे 22 पर्यंत घेतात.

आता करायचं ते एवढंच: या रविवारी सहा घरांची नावं लिहा, चार नव्हे. दोन गळतातच, कुणाची सासू आजारी पडते, कुणाच्या घरी लग्न निघतं. सहाही घरी आधी फोन न करता संध्याकाळी चहाला जा. नावं तयार झाली की मला कळवा. पहिल्या दोन घरी मी तुमच्याबरोबर येईन.