वाचकांचे प्रश्न : मोटारीचा कॅपॅसिटर आणि स्पेनमधला अंधार

प्रश्न : आमच्या डीपीवर (रोहित्रावर) पाच अश्वशक्तीच्या पंधरा-सोळा मोटारी आहेत. रब्बीत सगळ्या एकदम चालू झाल्या की व्होल्टेज ३५० पर्यंत उतरते आणि दर हंगामात कुणाची तरी मोटार जळते. सगळे सांगतात म्हणून मी गेल्या वर्षी कॅपॅसिटर बसवला, पण फरक जाणवला नाही. कॅपॅसिटरने व्होल्टेज खरोखर वाढते का? (एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : वाढते, मात्र आपण एकट्याने बसवून ते फारसे वाढणार नाही.

मोटार दोन कामांसाठी वीज घेते. पहिले काम पाणी उपसण्याचे, त्यात ऊर्जा खर्च होते. दुसरे काम मोटारीच्या आत चुंबकीय क्षेत्र उभे करण्याचे. त्यासाठी घेतलेली ऊर्जा खर्च होत नाही, ती सेकंदाला शंभर वेळा मोटारीत येते आणि परत तारेत जाते. या येरझारेला अभियंते रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. ती खर्च होत नसली तरी तिची ने-आण त्याच तारांतून आणि त्याच रोहित्रातून होते, त्यामुळे प्रवाह वाढतो, तारा तापतात आणि शेवटच्या खांबापर्यंत पोहोचेतो व्होल्टेज पडते. कॅपॅसिटरची देवघेव मोटारीच्या नेमकी उलट असते. मोटारीला हवी असते त्या क्षणी तो ऊर्जा देतो आणि ती सोडते त्या क्षणी परत घेतो. म्हणजे येरझार विहिरीवरच मिटते.

आपल्याच मोटारीचा हिशेब करून पाहू. पाच अश्वशक्तीची, ८० टक्के कार्यक्षमतेची मोटार पूर्ण भारावर सुमारे ४.७ किलोवॉट घेते. पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण भारापैकी खऱ्या कामाला येणारा हिस्सा, ०.७५ असेल तर रोहित्रावर तिचा भार ६.२ केव्हीए (एकूण भाराचे एकक) आणि तारेतला प्रवाह सुमारे ८.६ अँपिअर होतो. २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) कॅपॅसिटर लावल्यावर पॉवर फॅक्टर ०.९१ पर्यंत जातो, भार ५.१ केव्हीएवर आणि प्रवाह ७.१ अँपिअरवर येतो. तारांमधील तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळपास एक तृतीयांशाने घटते, आणि १०० केव्हीएचे जे रोहित्र सोळा मोटारींनी भरून जात होते, तेच एकोणीस मोटारी पेलू शकते. आपण एकट्याने कॅपॅसिटर लावला तेव्हा सोळापैकी एकाच मोटारीचा भार हलका झाला. डीपीवरील सर्वांनी मिळून बसवले तरच मोटारी वाचतील, आणि त्यासाठी गावात एक बैठक घेणे हाच मला खरा उपाय वाटतो.

तिथे दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. कॅपॅसिटर स्टार्टरच्या मोटारीकडील बाजूस जोडावा, म्हणजे मोटार बंद होताच तोही बंद होईल. आणि ऑटोस्विच काढून टाकावेत. त्यांच्यामुळे वीज येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, आणि अशा वेळी कॅपॅसिटरही पुरे पडत नाहीत. कॅपॅसिटरची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ४१५ व्होल्टला २ केव्हीएआर देणारा कॅपॅसिटर ३५० व्होल्टला जेमतेम १.४ देतो. म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो दुबळा पडतो. ही मर्यादा पुढच्या प्रश्नातही येणार आहे.

प्रश्न : एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले ते व्होल्टेज कमी झाल्यामुळे नव्हे, तर वाढल्यामुळे, असे वाचनात आले. वाढलेल्या व्होल्टेजने वीज कशी जाईल? आणि दोष सौरऊर्जेचा होता का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आधी उलट बाजूचे उदाहरण पाहू. २३ जुलै १९८७ रोजी टोकियोत कडक उन्हाळा होता. दुपारच्या जेवणानंतर वातानुकूलन यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि मागणी मिनिटाला सुमारे ४०० मेगावॉटने चढू लागली. उपलब्ध कॅपॅसिटर जोडूनही व्होल्टेज घसरत राहिले, कारण ते घसरताना कॅपॅसिटरही दुबळे होत गेले. अखेर सुमारे ८,००० मेगावॉटचा भार तुटला आणि २८ लाख ग्राहकांची वीज गेली. व्होल्टेज कोसळणे म्हणतात ते हेच.

स्पेनमध्ये २८ एप्रिलच्या दुपारी चित्र उलटे होते. लांब पल्ल्याची उच्चदाब वाहिनी स्वतःच एक मोठा कॅपॅसिटर असते. ४०० केव्हीची शंभर किलोमीटर वाहिनी साधारण ५५ मेगाव्हीएआर (एक मेगाव्हीएआर म्हणजे १,००० केव्हीएआर) रिॲक्टिव्ह पॉवर निर्माण करते. वाहिनीवर भरपूर भार असेल तर तिथेच ती खपते, पण भार हलका असेल तर ती उरते आणि व्होल्टेज वर ढकलते. त्या दुपारी युरोपच्या वीज-जाळ्यात आंदोलने, म्हणजे विजेचे हेलकावे, उमटली. ती शमवण्यासाठी जाळ्याच्या चालकांनी बंद वाहिन्या जोडल्या आणि शेजारी देशांकडे जाणारी वीज कमी केली. हे उपाय आंदोलनांवर लागू पडले, पण त्यांनी वाहिन्यांवरचा भार हलका होऊन व्होल्टेज आणखी चढले. पुढे ग्रानाडा परिसरातील एक रोहित्र जाळ्यापासून तुटले, पाठोपाठ बाडाजोस आणि सेव्हिया भागांतील सौर प्रकल्प सुरक्षा-रिलेंमुळे (व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की जोडणी आपोआप तोडणाऱ्या उपकरणांमुळे) बंद पडले. प्रत्येक प्रकल्प तुटताना रिॲक्टिव्ह पॉवर शोषून घेणारे एकेक साधन कमी होत होते आणि वाहिन्या अधिकच हलक्या होत होत्या. त्यामुळे व्होल्टेज अजून चढले आणि पुढचे प्रकल्प तुटले. १२ वाजून ३३ मिनिटांनी सगळे जाळे कोसळले. व्होल्टेजवाढीच्या साखळीने घडलेला युरोपातील हा पहिलाच मोठा अंधार, असे पारेषण चालकांच्या संघटनेच्या तज्ज्ञ समितीने नोंदवले आहे.

दोष सौरऊर्जेचा, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. स्पेनच्या तेव्हाच्या नियमांनुसार अक्षय ऊर्जा प्रकल्प ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत; व्होल्टेज चढले म्हणून अधिक रिॲक्टिव्ह पॉवर शोषायची, ही जबाबदारी त्यांच्यावर नव्हतीच. ती मुख्यतः औष्णिक, अणू आणि जलविद्युत जनित्रांवर होती, आणि त्या दिवशी व्होल्टेज सांभाळण्यासाठी जोडलेली अशी जनित्रे थोडीच होती. सौर प्रकल्पांच्या इन्व्हर्टरना (पॅनेलची वीज जाळ्याला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्रांना) हे काम जमत नाही असे मुळीच नाही. १०० केव्हीएचा इन्व्हर्टर ९५ किलोवॉट वीज देत असतानाही सुमारे ३१ केव्हीएआर देऊ वा शोषू शकतो. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या तांत्रिक मानकांनुसार मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या अंगी ०.९५ पॉवर फॅक्टरपर्यंत दोन्ही दिशांनी अशी बदलती मदत देण्याची क्षमता असावी लागते. ती क्षमता दर मिनिटाला प्रत्यक्ष वापरली जाते का, हे पाहणे तितकेच गरजेचे आहे.

वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, साऱ्या जाळ्यात एकच असते. दूर हिमालयातील जलविद्युत केंद्रही ती सावरायला हातभार लावू शकते. व्होल्टेज मात्र जागोजागचे वेगळे असते, कारण रिॲक्टिव्ह पॉवर लांबवर नेता येत नाही, वाहिनीच ती वाटेत गिळते. म्हणून उपाय जागेवरच उभे करावे लागतात : रात्री भार उतरल्यावर जादा रिॲक्टिव्ह पॉवर शोषण्यासाठी शंट रिॲक्टर, दिवसा ती देण्यासाठी कॅपॅसिटर, आणि क्षणात दिशा बदलण्यासाठी स्टॅटकॉम. स्टॅटकॉम ही इलेक्ट्रॉनिक स्विचांची यंत्रणा आहे. व्होल्टेज पडले तरी तिचा प्रवाह कमी होत नाही, त्यामुळे तिची मदत वर्गाप्रमाणे नव्हे, तर व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटते. टोकियोला नेमके हेच हवे होते. आपल्याकडे सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय पारेषण जाळ्यासाठी असे स्टॅटकॉम उभारलेले आहेत.

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यात कॅपॅसिटर चोवीस तास जोडलेले असतात. तरीही वीजबिल वाढले. असे का? (एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : रात्री यंत्रे बंद असताना कॅपॅसिटर जोडलेले राहिले, तर आपला कारखाना जाळ्यात रिॲक्टिव्ह पॉवर ढकलू लागतो आणि पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे वाहिन्या हलक्या असताना नको असलेली भर आपण घालतो. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर (खऱ्या कामाची आणि रिॲक्टिव्ह मिळून एकूण विजेवर) आकारले जाते आणि त्यात लॅगिंग (रिॲक्टिव्ह पॉवर घेणे) व लीडिंग (ती देणे) दोन्ही मोजले जातात. आपली जोडणी या प्रकारची असेल तर वाढलेल्या बिलाचे कारण बहुधा हेच. छतावर सौर पॅनेल बसवली असल्यास त्याकडे अधिकच लक्ष द्यावे, कारण दिवसा किलोवॉटचा आकडा लहान होतो आणि थोडी रिॲक्टिव्ह पॉवरही पॉवर फॅक्टर बिघडवायला पुरते. एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारे पॅनेल) बसवून कॅपॅसिटर भारानुसार टप्प्याटप्प्याने जोडले आणि तोडले जातील अशी व्यवस्था करावी, आणि मीटरवरील लीडिंगची नोंद महिन्यातून एकदा स्वतः पाहावी.