पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे, असं मानणाऱ्या मित्राला काय सांगावं?

तुमचा मित्र बायबलमधल्या वंशावळीवरून पृथ्वी आणि विश्व दोन्ही सहा हजार वर्षांचे मानतो, आणि खडकांच्या वयाचा विषय काढला की ‘किरणोत्साराचा (अणू आपोआप फुटून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलण्याचा) वेग पूर्वी वेगळा असेल’ म्हणतो. त्याच्याशी मैत्री न तोडता कसं बोलावं, असं तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट, कार्बन डेटिंगचं नाव काढू नका. नात्यातल्या एका गृहस्थांशी बोलताना मी तावातावाने तेच पुढे केलं, आणि त्यांनी मला बरोबर पकडलं. कार्बन-14 चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 5730 वर्षं, त्यामुळे साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे ते चालतच नाही. त्यानंतर त्यांनी माझं काही ऐकूनच घेतलं नाही. खडकांसाठी युरेनियम-शिसे आणि पोटॅशियम-आर्गॉन या पद्धती असतात, त्याच सांगा. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, पोटॅशियमचा आर्गॉन वायू होतो, आणि किती झालं ते मोजून वय कळतं.

आणि शक्य असेल तर दगड दाखवा. आमची शेती नाशिक जिल्ह्यात, सिन्नरकडे. विहीर पाच परस खाली गेली तेव्हा सुरुंगाच्या डबराबरोबर विटकरी लाल माती वर यायला लागली. यारीवाला म्हणाला, “गेरू लागला.” मी खाली उतरून पाहिलं. वीतभर जाडीचा पट्टा होता, नखाने उकरता येईल इतका मऊ. त्याच्या वर काळा पाषाण, खाली पुन्हा तोच काळा पाषाण. म्हणजे लाव्हा आला, थिजला, ऊनपावसाने त्याच्या माथ्याची माती झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती माती झाकून भाजून काढली. पाषाणाची माती व्हायला किती काळ लागतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सह्याद्रीत असे लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि कितीतरी ठिकाणी त्यांच्यामध्ये हा लाल पट्टा आहे.

याच लाल थरांतून शास्त्रज्ञांनी झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचले आणि युरेनियम-शिशावरून त्यांचं वय काढलं. दुसऱ्या गटाने पाषाणाचं वय आर्गॉनवरून काढलं. दोन मूलद्रव्यं वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या, आणि दोन्हीकडे वय आलं साधारण 6.6 कोटी वर्षं. पूर्वी वेग बदलला असेल, तर दोन्ही घड्याळं नेमकी सारखीच कशी चुकली, हे मित्राला विचारा.

वेगाच्या शंकेवर माझ्या मते सगळ्यात बळकट उत्तर आकाशात आहे. फेब्रुवारी 1987 मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, एक तारा फुटलेला दिसला, अंतर सुमारे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षं. स्फोटात तयार झालेलं कोबाल्ट-56 ज्या वेगाने निम्मं होतं, म्हणजे 77 दिवसांत, त्याच वेगाने त्या ताऱ्याचा उजेड पुढे मंदावत गेला. तो उजेड तिथून निघून 1 लाख 68 हजार वर्षं झाली, म्हणजे तेव्हाही किरणोत्साराचा वेग आजचाच होता. हे अंतरही अंदाजपंचे नाही. ताऱ्याभोवतीचं वायूचं कडं स्फोटानंतर किती दिवसांनी उजळलं त्यावरून कड्याची खरी रुंदी कळते, दुर्बिणीतून ते केवढं दिसतं ते मोजता येतं, आणि उरतं ते दहावीतलं त्रिकोणमितीचं गणित.

यावर ‘देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला असेल’ असं तो म्हणेल. मग जो स्फोट कधी झालाच नाही, त्याचं तपशीलवार चित्र देवाने आपल्याला दाखवलं असं होतं. हे त्याच्या श्रद्धेला तरी पटतं का, हे त्याला शांतपणे विचारा. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला आरंभ आहे, ही मांडणी करणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, हेही जरूर सांगा. सृष्टीच्या निर्मितीसाठी इ.स.पू. 4004 हा आकडा काढणारे आर्चबिशप जेम्स अशर यांची टिंगल करू नका. 1650 मध्ये हाताशी होतं त्यावर त्यांनी मन लावून काम केलं. अशनींमधलं शिसं मोजून पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी वर्षं ठरवणारे क्लेअर पॅटरसन आले ते 1956 मध्ये. विश्वाचं वय आज 1380 कोटी वर्षांच्या आसपास धरतात.

एक कळकळीची विनंती. ‘आमच्या पुराणांत कल्प 432 कोटी वर्षांचा, म्हणजे आमचंच बरोबर’ असं उत्तर देऊ नका. रामकुंडावर संकल्पात कल्प-मन्वंतर ऐकलं की मलाही भरून येतं, पण तो आकडा कुणी दगड मोजून काढलेला नाही. मित्राच्या आकड्याला जी कसोटी लावाल, तीच याही आकड्याला लावावी लागेल.

नाशिकला येणं झालं तर त्याला घेऊन एप्रिल-मे मध्ये या. विहिरीचं पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं आणि लाल पट्टा वरूनही स्पष्ट दिसतो.