भिंतीवर दोन दिवस न हलता बसलेल्या मोठ्या फुलपाखराला काय खायला द्यावे?

आधी उत्तर देतो. त्याला काहीही खायला देऊ नका, हात लावू नका आणि खोक्यात घालून कोल्हापूरला तर मुळीच आणू नका. गगनबावड्याला मामांच्या घराच्या भिंतीवर बसलेल्या ज्या तांबूस तपकिरी ‘फुलपाखरा’चे आपण वर्णन केले आहे, ज्याच्या चारही पंखांवर पारदर्शक त्रिकोण आहेत आणि ज्याच्या पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसतात म्हणून मामी घाबरल्या आहेत, तो अ‍ॅटलस पतंग आहे. तो जखमी नाही, आजारी नाही आणि उपासमारीने मरगळलेलाही नाही, कारण खाणे हा प्रकारच त्याच्या या आयुष्यात नसतो. सोंड असते ती नावापुरती, तिच्यातून मधाचा थेंबही आत जात नाही. अळीच्या वयात अंगात साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो आणि मरतो. साखरपाण्याची वाटी आणि केळ्याची फोड यांनी ठेवणाऱ्याचे समाधान होते आणि भिंतीवर मुंग्या लागतात, एवढेच.

आपण त्याला वनविभागाकडे नेऊन देण्याबद्दल विचारले आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हे सविस्तर लिहीत आहे. आमच्या घरात या विषयावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आमचे गाव राधानगरी तालुक्यात आहे. घरामागच्या परड्यात पेरूचे जुने झाड आहे आणि त्याच्या सावलीत दालचिनीची दोन झाडे आहेत. एका वर्षी पाऊस लागल्यानंतर पेरूखालच्या फरशीवर काळ्या, टपोऱ्या लेंड्या पडलेल्या दिसू लागल्या. अळी शोधायची असेल तर पाने चाळत बसण्यापेक्षा लेंड्या पाहाव्यात आणि त्यांच्या बरोबर वर मान करावी, म्हणजे ती सापडते. अशी पहिली अळी मला दिसली तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी होती, अंगभर मऊ मांसल काटे होते आणि त्यांवर पांढरी मेणचट भुकटी इतकी दाट होती की ती पिठात लोळवून काढल्यासारखी वाटत होती. कात टाकत टाकत ती निळसर हिरवी होत गेली आणि मागच्या टोकाच्या पायांवर दोन्ही बाजूंना नारिंगी डाग उमटला. पूर्ण वाढलेली अळी अकरा-बारा सेंटीमीटर लांब भरते. तिचे काटे टोचत नाहीत आणि हाताला खाजही सुटत नाही, मात्र डिवचली तर ती उग्र वासाचा द्रव उडवते. रात्री पाऊस उघडला की पाने कुरतडल्याचा आवाज मागच्या दारात उभे राहून स्पष्ट ऐकू येत असे. हे सगळे खाणे पुढच्या जन्मासाठी असते, कारण पंख फुटल्यावर उडायचे, जोडीदार मिळवायचा आणि अंडी घालायची ती याच साठ्यावर.

कोष करण्याआधी ती जे करते ते मी अगदी जवळून पाहिले आहे. जे पान तिने निवडले असते ते वाळून गळून पडू नये म्हणून ती आधी त्या पानाचा देठ रेशमाने फांदीला पक्का बांधते. नंतर पान अंगाभोवती ओढून घेऊन आत जाड कागदासारखा चिवट, तपकिरी कोष विणते. टसरचा किडा याच कुळातला आहे. अ‍ॅटलसच्या रेशमाचा धागा मात्र सलग निघत नाही, तुटक येतो. त्या रेशमाला फगारा म्हणतात. पेरूची ती फांदी पत्र्यावर घासत असल्यामुळे छाटावी लागणार होती, म्हणून मी ती कोषासकट कापून सोप्याच्या खांबाला बांधून ठेवली.

महिनाभराने, गौरी यायच्या दिवशी सकाळी, कोषातून मादी बाहेर आली. पोट फुगलेले, अंग ओले आणि पंख चुरगळलेले अशा अवस्थेत ती रिकाम्या कोषालाच लटकून राहिली आणि पोट आवळून पंखांच्या शिरांमध्ये द्रव ढकलू लागली. दुपारच्या आत पंख उघडले आणि सुमारे २५ सेंटीमीटर भरले. तुलनेसाठी सांगतो, २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्ल्यू मॉरमॉन चांगलेच मोठे मानले जाते, तरी त्याचे पंख १२ ते १५ सेंटीमीटरच्या पुढे जात नाहीत. पारदर्शक त्रिकोणांच्या जागी पंखांवर खवलेच नसतात, त्यामुळे तिच्या पंखांमधून मागच्या खांबाचा रंग दिसत होता.

अशी मादी सहसा कोषापासून दूर जात नाही. ती अंड्यांनी जड झालेली असते आणि अंगातली शक्ती मोजकी असते, म्हणून ती एका जागी बसून रात्री पोटाच्या टोकाकडून गंध सोडते. नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, रुंद आणि पिसांसारख्या फाटलेल्या असतात, मादीच्या त्या मानाने अरुंद असतात. त्या शृंगिकांनी नर हा गंध काही किलोमीटरवरून ओळखतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने त्याचा माग काढत येतो. तेव्हा आपल्याला जे निपचित बसणे वाटते आहे ते तिच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि ते करण्यासाठी तिच्याकडे मोजक्याच रात्री असतात.

त्या रात्री आमच्याकडे नर आला होता. आक्का आणि दाजी सणासाठी कोल्हापूरहून आले होते आणि पतंग पाहायला निम्मी गल्ली लोटली होती, म्हणून सोप्यातला मोठा बल्ब चालू होता. नर मादीपासून चार हातांवर असूनही बल्बभोवती आपटत राहिला. मी दिवा मालवला, तो दाजींनी पुन्हा लावला, कारण त्यांच्या मते आलेल्या माणसांना काही दिसायला नको का. घरचे जावई आणि त्यातून सण, त्यामुळे आईने मला डोळ्यांनीच गप्प केले. पहाटे नर अंगणात पंख झिजून पडलेला होता. सकाळी मी गौरीच्या नैवेद्यासाठी केळीची पाने आणायला गेलो आणि तेवढ्या वेळात दाजींनी गल्लीतल्या दोन मुलांच्या मदतीने मादीला बुटाच्या खोक्यात घालून राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत नेऊन सोडले. पुढे एका दैनिकात दाजींच्या फोटोसह बातमी आली की दुर्मिळ फुलपाखराला जीवदान मिळाले. ते कात्रण त्यांच्या राजारामपुरीच्या घरात काचेखाली अजून आहे.

दाजींचे म्हणणे असे की हा जंगलातला जीव आहे, तेव्हा त्याची जागा जंगलात. तिथे तिला नर मिळालाच असेल. मिळाला असेल, हे मी नाकारत नाही. परंतु १९५८ साली गव्यांसाठी राखलेले ते जंगल गव्यांना आवश्यक आहे म्हणून पतंगालाही तिथेच पोहोचवले पाहिजे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ही मादी अंड्यापासून पंखांपर्यंत आमच्या परड्यात वाढली होती, तिच्या अळ्यांना लागणारा पाला तिथेच होता आणि जोडीदारही तिच्यापर्यंत पोहोचला होता. अडथळा होता तो बल्बचा. खोक्यात ती रस्ताभर फडफडली असणार. त्यात गेलेली शक्ती परत भरून काढण्याचा कोणताही मार्ग तिच्याकडे नव्हता आणि झडलेले खवले पुन्हा येत नाहीत. ज्याला तोंड नाही अशा प्राण्याला दमवणे म्हणजे त्याचे आयुष्य कापणे आहे. जीवदान हा शब्द विहिरीत पडलेल्या कोल्ह्यासाठी वापरावा. आपल्याच दारात व्यवस्थित बसलेल्या पतंगाला उचलून नेणाऱ्याने तो वापरू नये, मग तो नात्याने कितीही मोठा असो.

आता अपवाद सांगतो. पतंग रहदारीच्या रस्त्यावर, बंद खोलीत किंवा मांजराच्या वाटेत बसला असेल तर हलवावा, पण पंख चिमटीत धरू नयेत. पायांसमोर काटकी धरली की तो स्वतः तिच्यावर चढतो. मग त्याच अंगणातल्या झाडावर त्याला अंधार पडताना ठेवावे. डिवचल्यावर तो जमिनीवर पडून पंख संथपणे हलवतो आणि ती टोके खरोखर वळवळणाऱ्या सापासारखी दिसतात. मामींना सांगा की त्याच्याकडे दंश नाही, विष नाही आणि चावायला तोंडही नाही. शुभ-अशुभाबद्दल आपण विचारले आहे, त्याला माझ्या लेखी अर्थ नाही. फोटो दिवसा काढावा. आणखी एक गोष्ट अशी की दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या अ‍ॅटलस पतंगांना अभ्यासक वेगळी जात मानतात, त्यामुळे नेमक्या शास्त्रीय नावासाठी जाणकाराला फोटो दाखवावा. सवयींच्या बाबतीत मी लिहिले आहे त्यात फरक पडत नाही.

दोन दिवस जागा न सोडणारा आपला पतंग बहुधा मादीच असेल, तरी शृंगिका पाहून खात्री करून घ्या. मामांना आज रात्रीपासून बाहेरचा दिवा बंद ठेवायला सांगा, आणि कुणी पाहुणे खोके घेऊन आले तर त्यांना सरळ नाही म्हणायला सांगा, आमच्या आईसारखा संकोच करू नका. नर आला तर जोडी बराच वेळ, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत, एकत्र राहते. त्या वेळी त्यांना वेगळे करू नये. त्यानंतर दारातल्या पेरू, लिंबू, दालचिनीच्या पानांची खालची बाजू पाहावी. अडीच मिलिमीटरची अंडी तिथे असतील तर दोन आठवड्यांच्या आत अळ्या बाहेर येतील, आणि मामांनी त्या झाडांवर निदान या पावसाळ्यात फवारणी करू नये. मोठे झाड थोडा पाला गेल्याने मरत नाही. आमचा पेरू त्या वर्षीही नेहमीसारखाच लागला होता.