फ्लाय टायिंगच्या पिसांना ग्रिझली, बॅजर, फर्नेस, डन अशी नावं का असतात? ती ओळखायची कशी?

फ्लाय टायिंग म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं-दोरा गुंडाळून किड्यासारखी नकली माशी बांधणं. 'बॅजर' (हे एका केसाळ प्राण्याचं नाव) म्हणून मागवलेलं पीस कोंबड्याचं निघालं, म्हणून फसल्यासारखं वाटलं असं तुम्ही लिहिलंय. फसला नाहीत. ही सगळी पिसं कोंबड्याचीच असतात, मानेची नाहीतर पाठीची.

घोड्यांची नावं आठवा. पंचकल्याणी म्हटलं की चार पाय आणि कपाळ पांढरं एवढंच कळतं, अंगाचा रंग कळत नाही. इथेही बरीच नावं रंगाची नसून नक्षीची आहेत. ग्रिझली म्हणजे आपला कबरा, काळे-पांढरे आडवे पट्टे. प्लायमाउथ रॉक कोंबडी पाहिली असेल तर तेच. बॅजर म्हणजे पांढरट पीस आणि मधोमध दांडीलगत काळी रेघ. तीच रेघ तांबूस पिसात आली की फर्नेस. असं पीस गळाला गुंडाळलं की मध्ये काळा गाभा आणि भोवती उजळ कडं दिसतं, तेव्हा भट्टीचं नाव पटतं.

खरा घोळ 'डन'चा. ब्लू डन निळा नसतो. ओल्या पाटीसारखा राखाडी असतो. शिवाय पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या, मळकट पंखांच्या मेफ्लाय या किड्यालाही डनच म्हणतात. त्यामुळे माशी बांधायच्या कृतीत 'डन' दिसला की तो पिसाचा की किड्याचा, हे आधी बघा. नैसर्गिक ब्लू डन महाग का, तर असे दोन पक्षी एकत्र ठेवले तरी साधारण निम्मीच पिल्लं त्या रंगाची होतात. बाकीची काळी किंवा पांढुरकी निघतात. म्हणून दुकानात रंगवलेला डन भरपूर. मी पहिल्यांदा नैसर्गिकच्या भावाने रंगवलेला घेतला होता. मान, म्हणजे पिसांसकट विकतात ते मानेचं कातडं, उलटून बघितली असती तर कळलं असतं, कातडंसुद्धा राखाडी झालं होतं!

'क्री'चा मोह तूर्त आवरा. त्यात काळे, पांढरे आणि तांबूस असे तिन्ही पट्टे एकाच पिसात असतात आणि ठरवून तशी पैदास करणं अवघड, म्हणून भाव चढा. ॲडम्स ही माशी 1922 मध्ये मिशिगनच्या लेन हॅलडे यांनी बांधली, तीत एक ग्रिझली आणि एक तपकिरी पीस एकत्र गुंडाळतात. एक क्री वापरून दोन्हींचं काम भागतं, पण ट्राउट माशाला त्याचं काही पडलेलं नसतं. तुम्ही ग्रिझली आणि तपकिरी अशा दोन माना घ्या, वर्षभर पुरतील.

पीस ओळखायचं तर फोटोवर जाऊ नका. मी खिडकीशी पांढऱ्या कागदावर ठेवतो आणि उलटून बघतो. मागची बाजू बहुतेक वेळा फिकी असते आणि गुंडाळल्यावर तीही दिसते.

शेवटी तुम्ही 'जंगल कॉक'चं विचारलंय. तो आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट ठिपके असतात, म्हणून सॅल्मन मासा पकडायच्या नकली माश्या बांधायला ती लागतात. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. गावाहून कुणाकडून मागवू नका, ट्रेकला पडलेलं दिसलं तरी तिथेच राहू द्या. नकली पिसं मिळतात, मी तीच लावतो.