जवळ गेलं की घुमट बुडतो, तो का?

प्रश्न : दिवाळीनंतर मुलाकडे दिल्लीला गेलो होतो. इंडिया गेटकडून राष्ट्रपती भवनाकडे पायी निघालो. लांबून घुमट ठळक दिसत होता. जवळ जावं तसा तो खाली बुडत गेला आणि विजय चौकात जवळपास दिसेनासाच झाला. सून म्हणते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तसं वाटलं असेल. खरं काय? आणि इंडिया गेटमागच्या छत्रीत पूर्वी कोणाचा पुतळा होता?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : बापू, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना मीही भुसावळहून गाडी धरून गेलो होतो. आपल्या जळगावची लेक राहते ते घर बघायला नको? तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामांवर ओव्हरसियर म्हणून लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, डोळ्याला लावलेली, त्यामुळे घुमट बुडू लागला तसा मी रस्त्यातच थांबलो. चढ नडतोय, हे लगेच कळलं.

राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवायचं १९११ च्या दिल्ली दरबारात जाहीर झालं. व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, एडविन ल्यूट्यन्स या इंग्रज वास्तुविशारदाकडे आलं. त्याच्यापुढची दोन सचिवालयं त्याचा दोस्त, वास्तुविशारद हर्बर्ट बेकरकडे. बेकरचा हट्ट, सचिवालयंही रायसीना टेकडीवरच हवीत, घराच्याच पातळीला. तसंच ठरलं. त्यांना जागा करून देताना घर सुमारे ४०० यार्ड मागे सरकलं. इथेच घोडं पेंड खाल्लं.

आपल्याकडचं धाब्याचं घर आठवा. आजी वर कुरडया राखत बसलेली असते. गल्लीच्या टोकावरून ती दिसते. भिंतीला लागून उभं राहिलात तर नुसता आवाज येतो. तिथे भिंतीचं काम टेकडीचा काठ करतो. चढ आहे साडेबावीस फुटांना एक फूट. सायकलवाल्याला उतरायला लावेल असा! टेकडीखाली, म्हणजे विजय चौकात, पोचलात की तो काठ आडवा येतो. चढून वर गेलं की इमारत पुन्हा अख्खी समोर.

चढाच्या कागदावर ल्यूट्यन्सची स्वतःची सही होती. चूक ध्यानात आल्यावर, मधली जमीन खोदून चढ लांबवा म्हणून त्याने वर्षानुवर्षं अर्ज केले. खर्चाचं कारण सांगून ते फेटाळले गेले. वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरला, तसं बेकरपुढे आपलं ‘बेकरलू’ झालं, असं तो म्हणायचा. जुन्या दोस्तांत बांधावरून लागावी तशी लागली. माझं मत विचाराल तर दोष एकट्या बेकरचा नाही. सही करण्याआधी त्या चौकात एक माणूस उभा करून बघायला काय हरकत होती? आम्ही साध्या पाटचारीलाही तेवढं करायचो.

आता छत्री. इंडिया गेटही ल्यूट्यन्सचंच, उंची ४२ मीटर, १९३१ मध्ये खुलं झालं. छत्रीत इंग्रजांचा राजा पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता. तो १९६८ मध्ये काढला. पुढे बरीच वर्षं छत्री रिकामी होती. २०२२ पासून तिथे नेताजी आहेत, काळ्या ग्रॅनाइटमधले, २८ फुटी. जॉर्जसाहेब आता दिल्लीतल्याच कोरोनेशन पार्कात असतात. १९११ चा तो दरबार भरला होता, त्याच मैदानात.