‘हिला आमची ओढच नाही!’

पहिला कुत्रा जातो, काही महिन्यांनी दुसरा येतो आणि तो पहिल्यासारखा नसतो. कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला घ्यायला आमच्याकडे ही तक्रार घेऊन येणारी घरं बरीच असतात. पुण्यात कर्वेनगरच्या एका घरात गोष्ट जरा टोकाला गेली होती. ‘परत द्यावी का हिला? हिला आमची ओढच नाही,’ असं काकूंनी फोनवरच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून घराचे तपशील आणि कुत्रीचं नाव बदललं आहे.)

काका-काकू दोघेही साठीपुढचे, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगा-सून-नात शनिवार-रविवारी येणार. आधी बारा वर्षं लॅब्रॅडॉर होता. दारात आलेल्या कुरिअरवाल्याच्याही अंगावर प्रेमाने लोळण घेणारा, रात्री काकूंच्या पायावर डोकं ठेवून झोपणारा. तो गेल्यावर सात-आठ महिन्यांनी ठमी आली. गावठी, अंदाजे दीड वर्षाची, बाणेरकडच्या एका बांधकामावर मजुरांच्या वस्तीजवळ वाढलेली. घरात येऊन तिला चार महिने झाले होते.

तक्रारी अशा: दार उघडलं की उड्या मारत नाही, नुसती शेपटी हलवून बाजूला होते. हाक मारली तर बघते, पण येत नाही. जवळ घेतलं की अंग चोरते. आणि एका शनिवारी डायनिंग टेबलाखाली झोपलेली असताना सहा वर्षांच्या नातीने गळ्यात हात टाकले, तेव्हा ती गुरगुरली. काकांनी वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवून दम दिला. त्यानंतर ती काकांपासून आणखीच लांब राहायला लागली.

स्वभावाची चर्चा सुरू करण्याआधी डॉक्टर, हा आमचा क्रम ठरलेला आहे. दुखणाऱ्या कुत्र्याला हात नकोसा होतो आणि माणसं त्याला ‘तुसडा’ म्हणून मोकळी होतात. कान, दात, कंबर-मांड्यांचे सांधे, कातडी हे सगळं हाताने तपासून घ्यायचं. पुण्यात पावसाळ्यात आणि नंतर गोचिड्यांचा ताप पुष्कळ दिसतो, म्हणून रक्ततपासणीत प्लेटलेट्स आणि अर्लिकिया, बबेसिया हे गोचिडीतून येणारे जंतू पाहायला सांगायचं. ठमीचं रक्त ठीक निघालं, पण डाव्या कानात बुरशीचा संसर्ग होता. डोक्यावरून हात फिरवताना तो कान दरवेळी दाबला जात होता! दोन आठवडे थेंब घातल्यावर कान बरा झाला. मात्र सगळी अलिप्तता कानातून आलेली नव्हती.

दुसरं काम म्हणजे नोंदी. ‘ती जवळ येत नाही’ हे वाक्य बाजूला ठेवून काकूंना आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं: ती आपणहून कधी आली, किती अंतरावर थांबली, किती वेळ थांबली, त्या वेळी घरात काय चाललं होतं. हॉलमध्ये मोबाईल उभा करून रोज तासभराचं चित्रीकरणही करायचं. वही वाचताना काकूच गप्प झाल्या. ठमी दिवसभर अशा जागी पडत होती, जिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं. काकू खोली बदलायच्या, तीही दोन मिनिटांनी जागा बदलायची. काकू दूध आणायला खाली गेल्या की उठून दाराशी जाऊन पडायची, त्या परत येईपर्यंत. वाडग्यातलं खाणं काकू जवळपास असल्याशिवाय संपवत नव्हती. फिरताना दर थोड्या वेळाने मान वळवून माणूस आहे ना, ते बघत होती. ओढ नसलेलं जनावर हे करत नाही. ती बिलगत नव्हती, एवढंच. लक्ष मात्र सतत माणसांवर होतं.

इथे काकांनी ठरलेलं वाक्य टाकलं, ‘गावठी ती गावठीच. लॅब म्हणजे लॅब.’ हे अर्धवट खरं आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्के भाग तेवढा जातीवरून सांगता आला. माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याच्या बाबतीत जातीचा हात जरा जास्त, चिडण्याच्या बाबतीत अगदी कमी. मिठी मारलेली न आवडणारे लॅब आमच्या पाहण्यात आहेत आणि मांडीवरून न उठणारे गावठीही.

ठमीच्या बाबतीत मोठा वाटा तिच्या पहिल्या आठवड्यांचा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, हुंगतं, अंगावर घेतं, ते त्याला पुढे आयुष्यभर ‘नेहमीचं’ वाटतं. त्या वयात ठमीने माणसं भरपूर पाहिली, पण दहा-पंधरा फुटांवरून. पोळी फेकणारी आणि कधीकधी दगडही. माणूस असावा, पण थोडा लांब, हा तिचा हिशोब तेव्हाच पक्का झालेला. त्यात जन्मजात सावधपणा. हा मूळ स्वभाव पुसून टाकता येत नाही आणि तसं वचन देणाऱ्या प्रशिक्षकापासून लांब राहावं. त्या स्वभावाच्या आत विश्वास मात्र बराच वाढवता येतो.

विश्वास वाढवायची सुरुवात हात आवरण्यापासून होते. पहिले दोन आठवडे कुरवाळायला हाक मारायची नाही, अशी बंदी घातली. काकूंना ती फार जड गेली. खाली किंवा बुटक्या स्टुलावर तिरकं बसायचं, समोरासमोर नाही. हात मांडीशेजारी सैल. ती आली तर छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. मग बघायचं. तिने नाकाने हात ढकलला, अंग टेकवलं, तर पुन्हा तीन सेकंद. मान वळवली, ओठांवरून जीभ फिरवली, झोप नसताना जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला किंवा अंग एकदम ताठ झालं, तर त्या वेळेपुरतं संपलं. डोक्यावरून वरून हात आणायचा नाही, गळामिठी नाही, तोंडाजवळ तोंड नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना आणि पाहुण्यांनाही. एकाने पाळला आणि दुसऱ्याने मोडला, तर कुत्रा दुसऱ्याचाच अनुभव लक्षात ठेवतो.

खाऊच्या बाबतीत बहुतेक घरी एकच चूक होते. हातात खाऊ धरून कुत्र्याला जवळ ओढतात. भित्रा कुत्रा मागचे पाय मागेच ठेवून मान ताणतो, खाऊ घेतो आणि मग आपण नको तितके जवळ आलोय हे त्याच्या ध्यानात येतं. दचकून दात लागतात ते अशाच वेळी. म्हणून खाऊ तिच्या पलीकडे, आपल्यापासून लांब टाकायचा. ती तिकडे जाते, खाते, मोकळी होते आणि परत यायचं की नाही ते स्वतः ठरवते. परत आली की पुन्हा पलीकडे. मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे दहा-बारा तुकडे, दिवसातून दोनदा. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि तेवढं जेवण कमी करायचं.

गुरगुरण्याबद्दल काकांशी वेगळं बोलावं लागलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने चावायच्या आधी दिलेली नोटीस. दम देऊन नोटीस बंद करता येते, त्यामागची भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावू शकतो. गुरगुरली की जिथे आहोत तिथून हात काढायचा, मागे सरकायचं आणि नंतर शांतपणे शोधायचं की तिला काय नको झालं. ते एव्हाना स्पष्ट होतं: झोपमोड, कोंडलेली जागा, गळ्यातले हात आणि दुखरा कान, चारही एकाच वेळी.

तिचं अंथरूण सोफा आणि टीव्हीच्या मधल्या वाटेत होतं, जुन्या लॅबची जागा म्हणून. येणाराजाणारा तिच्यावरून ओलांडून जायचा. मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो. त्याला पाठीमागे भिंत लागते. अंथरूण हॉलच्या कोपऱ्यात हलवलं, दोन बाजूंना भिंत आणि समोर स्वयंपाकघराचं दार. त्यावर असताना तिला कुणी हात लावायचा नाही.

नातीसाठी बोलण्यापेक्षा बंदोबस्त महत्त्वाचा. लहान मुलं सूचना विसरतात. पॅसेजला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक बसवलं. मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघी फाटकाच्या दोन बाजूंना. नातीला काम दिलं: तीन स्टीलच्या वाट्या उपड्या ठेवायच्या, एकीखाली चिकनचा तुकडा, मग सहा पावलं मागे जाऊन ‘शोध!’ म्हणायचं. ठमी नाकाने बरोबर वाटी ढकलते आणि नात टाळ्या वाजवते. टाळ्या मात्र हळू, हेही शिकवावं लागलं.

या खेळातून काकांचाही प्रश्न सुटायला लागला. ते चार महिने चेंडू फेकत होते, कारण आधीचा आणून द्यायचा. ठमी चेंडूकडे बघायची, मग काकांकडे. तिला धावून आणण्यात काडीचा रस नव्हता. नाक चालवण्यात मात्र ती रमायची. फिरायचंही तसंच. संध्याकाळी सातला गर्दीच्या रस्त्यावर आखूड पट्ट्याने वीस मिनिटं ओढत नेणं बंद केलं. त्याऐवजी उजाडता उजाडता टेकडीवर, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस आणि पाच मीटरची दोरी. चाळीस मिनिटांतली निम्मी तिच्या मर्जीने, हवं तिथे थांबून हुंगत. दोरी सोडायची नाही, टेकडीवर मोर असतात. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघायची, आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसत नाही.

आणि मग गेलेल्या कुत्र्याचा विषय. त्याच्यावर घाईने पडदा टाकू नये, असं आमचं मत आहे. काकू ठमीला दिवसातून अनेकदा जुन्याच नावाने हाक मारायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या. एका बैठकीत फक्त त्याच्याबद्दलच बोलणं झालं. तो दीड वर्षाचा असताना कसा होता, हे आठवायला सांगितल्यावर वेगळंच चित्र निघालं: कोल्हापुरी चपलांचे दोन जोड, सोफ्याचा एक हात, गेटवर पोस्टमनच्या मागे धावणं आणि ‘याला गावाला पाठवू’ असं काकांनी चिडून म्हटलेलं. पायावर डोकं ठेवून झोपणारा होता तो दहा वर्षं सोबत काढलेला म्हातारा कुत्रा. चार महिन्यांच्या ओळखीची तुलना बारा वर्षांच्या संसाराशी चालली होती. त्याचा पट्टा आणि फोटो काकूंनी देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. काहींना हे बरं वाटतं, काहींना वस्तू नजरेआड हव्या असतात, दोन्ही ठीक.

साधारण दीड महिन्याने वहीत फरक दिसला. काकू भाजी निवडायला बसल्या की ठमी येऊन पाठ त्यांच्या पायाला टेकवून बसायला लागली, तोंड दाराकडे. ‘पाठ करून बसते,’ असं काकूंनी जरा खट्टू होऊनच लिहिलं होतं. सावध कुत्रा ज्याच्यावर भरवसा नाही त्याला सहसा पाठ देत नाही, हे सांगितल्यावर त्या हसल्या. काकांकडे ती खेळाच्या वेळी आपणहून येते, इतर वेळी पाच-सहा फुटांवर पडते. पाहुणे आले की कोपऱ्यात जाते. फाटक अजून आहे आणि नात मोठी होईपर्यंत राहील. मिठी तिला आजही चालत नाही, बहुधा पुढेही चालणार नाही.

परत देण्याचा विचार कधी करावा, हेही स्पष्ट सांगतो. दात खोलवर रुतण्याइतका चावा असेल, लहान मूल आणि कुत्रा वेगळे ठेवणं घरात शक्यच नसेल किंवा घरातलं कुणी रोज भीतीत जगत असेल, तर पशुवैद्याशी बोलून दुसरं योग्य घर शोधण्यात लाज नाही. चावा लहान असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, घरच्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी. आणि आधी लाडात येणारा कुत्रा काही दिवसांत एकदम लांब राहायला लागला, जिना टाळायला लागला, रात्री धापा टाकत फेऱ्या मारायला लागला, तर तो स्वभाव समजू नका. ते बहुधा दुखणं आहे.

अलीकडे काकांनी नवा प्रश्न काढला, ‘हिच्या सोबतीला एक लॅबचं पिल्लू आणू का?’ आम्ही थांबायला सांगितलं. टेकडीवर ठमी इतर कुत्र्यांना लांबून वळसा घालते, म्हणजे ही सोबत तिने मागितलेली नाही. अंगावर उड्या मारणारं पिल्लू आलं तर तिची कोपऱ्यातली जागा आधी जाईल, आणि काकूंचा सगळा वेळ पिल्लाच्या शी-शूत जाईल. निदान सहा महिने जाऊ देत. तोवर ओळखीच्या कुणाचा शांत, वयस्क कुत्रा असेल तर दोघांना मोकळ्या जागी, मध्ये पंधरा-वीस फूट ठेवून, एकाच दिशेने चालवून बघावं. तिची शेपटी आणि पाठ सैल राहिली तर अंतर थोडं कमी करावं, नाही राहिली तर त्या दिवशी घरी परतावं. काकांनी सोसायटीतल्या एका अकरा वर्षांच्या बीगलच्या मालकाला विचारून ठेवलं आहे.